मुलांना दुखणं सांगता येऊ द्या: पाठ्यपुस्तक समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
आरोग्यशिक्षण पाठ्यपुस्तक समिती यांस,

सप्रेम नमस्कार.

सहावी ते आठवीच्या आरोग्यशिक्षणाच्या नव्या पुस्तकाचा मसुदा आमच्यापर्यंत पोचला. हरकती कळवण्यासाठी सोबत एक तक्ताही आला आहे, तीन रकान्यांचा: पान क्रमांक, मूळ शब्द, सुचवलेला शब्द. माझी हरकत त्या रकान्यांत मावत नाही, म्हणून हे पत्र. ते उघड लिहिते आहे, कारण ज्यांच्या मुलांच्या हातात हे पुस्तक पडणार आहे त्यांनीही ते वाचावं असं वाटतं.

ज्यांनी मसुदा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधीच्या पुस्तकात धड्याधड्यातून येणारे आरोग्याचे शब्द आता शेवटच्या दोन पानांवर ‘महत्त्वाच्या संज्ञा’ म्हणून गोळा केले आहेत. प्रत्येक संज्ञेपुढे एक व्याख्या, आणि परीक्षेत त्या व्याख्येला गुण. हे करताना जननसंस्थेच्या अवयवांची नावं ‘वयास अनुरूप नाहीत’ असा शेरा मारून काढून टाकली आहेत. मनाबद्दलचे बरेचसे शब्द आणि ‘संमती’ हा शब्दही त्याच कात्रीत गेला. उरलं ते बिनधोक: स्वच्छता, व्यायाम, पोषण, संसर्ग, लसीकरण.

मी या वयाच्या मुलांना बावीस वर्षं शिकवते आहे. एक प्रसंग सांगते, तो सांगताना मला आजही अपराधी वाटतं.

सातवीतला एक मुलगा तिसऱ्या तासाला माझ्या टेबलाशी आला. “बाई, पोटात दुखतंय.” कुठे, म्हणून विचारलं तर त्याने बेंबीच्या खाली कुठेतरी हात फिरवला. काय खाल्लंस, पोट साफ झालं का, हे नेहमीचे प्रश्न मी विचारले. त्याने नुसती मान हलवली. मी त्याला पाणी दिलं आणि मागच्या बाकावर डोकं टेकून बसायला सांगितलं. मधल्या सुट्टीतही तो तिथेच होता, गुडघे पोटाशी घेऊन. उलटी झाली तेव्हा कुठे मी घरी फोन केला. डॉक्टरांनाही त्याने तेच सांगितलं, पोटात दुखतंय. नीट तपासणी होईपर्यंत संध्याकाळ झाली. वृषणाला पीळ पडला होता.

असा पीळ पडला की वृषणाचा रक्तपुरवठा तुटतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया करून तो सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, मग मात्र तासागणिक शक्यता घसरत जाते. बारा ते अठरा या वयात हे सर्वांत जास्त आढळतं, म्हणजे तुमच्या पुस्तकाचे वाचक नेमके त्यातच येतात. त्या मुलाचं एक वृषण काढावं लागलं. तो आता छान आहे, एकावर काही अडत नाही. पण बरा होऊन शाळेत आला तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, का रे, मला तेव्हाच का नाही सांगितलंस? तो जमिनीकडे बघत म्हणाला, “त्याला काय म्हणायचं तेच माहीत नव्हतं, बाई. जे माहीत होतं ते तुमच्यासमोर कसं बोलणार?”

त्याच्याकडे शब्द होते. सगळे शिव्यांतले होते.

तेव्हा पहिली तक्रार त्या शेऱ्याबद्दलच. वयास अनुरूप नाही म्हणजे कोणत्या वयास? वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये साधारण आठ ते तेरा आणि मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा या वर्षांत होते. सहावीतलं मूल अकरा-बारा वर्षांचं असतं. बदल अंगावर आलेले असतात, आणि पुस्तक म्हणतं की अजून वेळ आहे. बरं, नावं काढलीत म्हणून ती जागा कोरी राहिलेली नाही. ‘गुप्तांगांची स्वच्छता राखावी’ हे वाक्य मसुद्यात आहेच. गुप्त म्हणजे लपवायचं. मग तिथे खाज सुटली, गाठ लागली, कोणी हात लावला, तर मूल ते लपवतं. त्याने तुमच्या पुस्तकाचंच ऐकलेलं असतं.

मुलग्यांच्या कानावर ‘स्वप्नदोष’ हा शब्द कुठून ना कुठून पडतोच. झोपेत वीर्य बाहेर येणं ही या वयातली अगदी सर्वसाधारण गोष्ट, आणि तिच्या नावातच दोष घालून ठेवलेला. (या एका शब्दाच्या भीतीवर किती भोंदूंची दुकानं चालतात, तो विषय वेगळा.) पुस्तकाने निदान ‘दोष’ काढून साध्या मराठीत एक ओळ लिहायला हवी होती, ‘असं होतं, यात आजार नाही’. ती ओळ मसुद्यात नाही.

मुलींचं आणखी निराळं. त्या पाळीला ‘अडचण’ म्हणतात. “बाई, अडचण आहे” असं सांगत मुलगी येते तेव्हा वही विसरलेली असू शकते, चप्पल तुटलेली असू शकते, किंवा पाळी आलेली असू शकते. तिन्हींना शब्द एकच, आणि तिसरी असेल तर आवाज खाली गेलेला. सुरुवातीच्या वर्षांत दोन पाळ्यांमध्ये २१ पासून ४५ दिवसांपर्यंत अंतर असू शकतं. हे ठाऊक नसलेली मुलगी चाळिसाव्या दिवशी एकटीच घाबरून बसते, कारण विचारायचं कसं हा प्रश्न आधी येतो. मसुद्यात ‘मासिक पाळी’ आहे, आणि ती ठेवल्याबद्दल मी आभारच मानते. पण गर्भाशय, अंडाशय, योनी यांतलं एकही नाव नाही. रक्त येतं ते कुठून, हे न सांगता पाळी कशी शिकवायची, ते समितीने मला वर्गात येऊन दाखवावं.

दुसरी तक्रार ‘वेदना’ या संज्ञेबद्दल आहे. तिच्यापुढे लिहिलंय: ‘ऊतींना इजा झाल्यामुळे निर्माण होणारी अप्रिय संवेदना’. चूक काहीच नाही. फक्त दाढ दुखणाऱ्या मुलाला ती उपयोगाची नाही.

माझ्या वर्गात एक वही असते, ‘दुखण्याचे शब्द’ असं वर लिहिलेली. ज्याला जसं दुखलं तसं त्याने तिच्यात लिहायचं, नाव घालायचं नाही. आजवर जमलेले शब्द बघा: ठणकतं, ठसठसतं, चमक मारते, कळ येते, मुरडा पडतो, गोळा येतो, पेटका आला, चरचरतं, चुरचुरतं, जळजळतं, टोचतं, अवघडलं, लचकलं, बधीर झालं, मुंग्या आल्या, हुळहुळतं. एकाने लिहिलं होतं, ‘दात नाडीसारखा उडतो’. कोणत्याही दंतवैद्याला हे वाक्य वाचून दाखवा, तो खुर्चीतून उठून आरसा हातात घेईल.

हे माझं खूळ नाही. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रुग्णांच्या तोंडचे दुखण्याचे शब्द जमवले आणि १९७५ साली त्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. दुखणं कसं आहे यावरून ते कुठून येतंय याचा माग लागतो, म्हणून हा खटाटोप. जळजळ आणि झिणझिण्या असतील तर डॉक्टरांचं लक्ष नसेकडे जातं. लाटेसारखी येऊन जाणारी कळ असेल तर आतड्यासारख्या किंवा मूत्रवाहिनीसारख्या पोकळ अवयवाकडे. आपल्या भाषेत हे शब्द मुलांच्या जिभेवर आयते आहेत, आणि आपण ते पुसून तिथे ‘अप्रिय संवेदना’ लिहितो आहोत. यादीत एवढं करा: दुखण्याचे पंधरावीस बोलीतले शब्द द्या, आणि त्यांच्या शेजारी डॉक्टर विचारतात ते प्रश्न. कुठे दुखतं, कधीपासून, सतत की थांबून थांबून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं. यावर परीक्षा घेऊ नका. दोघादोघांच्या जोड्या करून वर्गात बोलायला लावा, अर्ध्या तासात जमतं.

तिसरी तक्रार मांडणीची. तुमच्या वर्णानुक्रमामुळे एकाखाली एक अशी रांग लागली आहे: प्रतिकारशक्ती, प्रतिजन, प्रतिजैविक, प्रतिपिंड, प्रतिबंध. बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी ही रांग एकदा पाहा. पाचही शब्द एकाच तोंडवळ्याचे, पाचही पाठ करायचे. गेल्या वर्षी चाचणीत एका मुलीने प्रतिजैविकाची व्याख्या अक्षरशः पुस्तकाबरहुकूम लिहिली, मी पूर्ण गुण दिले. आठवड्याने ती शिंकत आली आणि म्हणाली, “बाई, घरी अँटिबायोटिकची एक गोळी उरलीये, तीच घेतली.” प्रतिजैविक म्हणजे तीच गोळी, हे तिला ठाऊक नव्हतं. सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविकं चालतात जीवाणूंवर, हेही नाही. उरलेली एक गोळी घेणं किती वाईट, ते तर दूरच. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानात अपुऱ्या मात्रेबद्दल सावध केलं होतं: तिने जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. माझी पूर्ण गुणांची विद्यार्थिनी तेच करून आली होती. दोष तिचा नाही. प्रश्नपत्रिका मी काढली होती.

गैरसमज नको, मी संस्कृत शब्दांच्या विरोधात नाही आणि इंग्रजी शब्दांची कैवारीही नाही. ‘विषाणू’ हा किती नेटका शब्द आहे. पण पुस्तकातला शब्द आणि घरातला शब्द यांची एकदा गाठ घालून द्यावी लागते. पुस्तकात अपस्मार, घरात फिट किंवा आकडी. पुस्तकात मधुमेह, घरात शुगर. शेजारच्या बाकावरचा मुलगा आकडी येऊन पडला तर त्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीची मदत बोलवायची, हे ‘अपस्मार’ या नावाच्या परिच्छेदात लिहून उपयोग काय? मुलं ओरडणार ‘फिट आली, फिट आली’ असंच. ‘शुगर’चं तर आणखी नाजूक आहे. मधुमेह असलेल्या मुलाला भर वर्गात घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर मित्र सांगत येतात, “त्याला शुगर झाली.” साखर चढली की उतरली? उतरली असेल तर काहीतरी गोड तत्काळ द्यायचं असतं. ‘शुगर आहे’ म्हणून मित्रांनी नेमकं तेच हातातून काढून घेतलेलं मी पाहिलंय.

शब्द नीट पोचवता येतो, आणि त्याला फार वेळही लागत नाही, याचं एक उदाहरण देते. ‘लस’ शिकवताना कोणी ना कोणी विचारतंच, जखमेतून वाहते तीही लस आणि दंडावर टोचतात तीही लस, असं कसं? मसुद्यातली व्याख्या या प्रश्नाला बगल देते. मी सांगते की इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली गाईपासून लागणाऱ्या देवीच्या फोडातला द्रव घेऊन आठ वर्षांच्या एका मुलाला टोचला आणि त्याचं खऱ्या देवीपासून रक्षण झालं. फोडातली लस होती तीच टोचण्याची लस झाली. वर्गात दोन-तीन जण ‘ई’ करतात, आणि मग तो शब्द कोणी विसरत नाही.

चौथी तक्रार मनाबद्दलच्या शब्दांची. पहिल्याच पानावर जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतली, १९४८ पासून लागू असलेली आरोग्याची व्याख्या चौकटीत छापली आहे: केवळ रोग नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती. आणि शेवटच्या पानावर मानसिक म्हणून एकच शब्द शिल्लक आहे, ‘ताण’. मुलांकडे त्यासाठी आधीपासूनच एक शब्द आहे, ‘टेन्शन’. परीक्षेचं टेन्शन, मैत्रीण बोलत नाही त्याचं टेन्शन, घरी रोज भांडणं होतात त्याचंही टेन्शन. धाकधूक, हुरहुर, घालमेल, धास्ती, चिडचिड, उदासी, एकटेपणा हे सगळं त्या एका पोत्यात. ‘टेन्शन आहे’ म्हटलं की मोठी माणसं ‘होईल सगळं नीट’ म्हणून मोकळी होतात. तेच मूल ‘दोन आठवडे झाले, कशातच मन लागत नाही, झोप येत नाही’ असं म्हणालं तर ऐकणारा थांबतो. दोन आठवडे हा काळ मी मनाने घातलेला नाही, नैराश्याचं निदान करताना डॉक्टरही तो धरतात. काल गुण कमी पडले म्हणून वाईट वाटणं आणि नैराश्य यांत फरक आहे, हे सातवीतल्या मुलाला नक्की कळतं. त्याला ‘नैराश्य’ हा शब्द द्यायला घाबरण्याचं कारण मला समजलेलं नाही. तो शब्द माहीत झाल्याने नैराश्य येत नाही.

‘संमती’बद्दल फार लिहीत नाही. ‘मला नको’ हे म्हणण्याचा हक्क आणि समोरच्याचं ‘नको’ ऐकण्याची सवय या दोन्ही गोष्टी त्या शब्दात आहेत. तो परत घ्या.

पाचवी तक्रार लहान आहे, पण ती राहू देऊ नका. मसुद्यात एके ठिकाणी ‘महारोगी’ असा शब्द राहून गेलाय, एके ठिकाणी ‘मतिमंद मुले’. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नव्या रोगांना गावांची, माणसांची, प्राण्यांची नावं देऊ नका असं सुचवलं, ते त्या नावांचा डाग माणसांवर बसतो म्हणूनच. कुष्ठरोग एका जीवाणूमुळे होतो हे नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सेन यांनी १८७३ साली दाखवलं आणि तो औषधांनी पूर्ण बरा होतो. ‘कुष्ठरोग झालेली व्यक्ती’ लिहायला दोन शब्द जास्त लागतात, तेवढी जागा पानावर आहे.

पालक आक्षेप घेतील, असं तुमच्यापैकी काहींचं म्हणणं असल्याचं कानावर आलं. घेतील काही जण. त्या सातवीतल्या मुलाच्या आईलाही मी हे सगळं आधी शिकवलं असतं तर कदाचित आवडलं नसतं. पण नंतर त्याच आईने मला विचारलं होतं, “बाई, शाळेत हे शिकवत नाहीत का?” मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, कारण ते उत्तर नव्हतंच.

मसुद्यातलं सगळंच वाईट आहे असं नाही. प्रथमोपचाराचं पान उत्तम झालंय. भाजल्यावर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, हे चित्रासकट दिलंय. ते ज्यांनी लिहिलं त्यांनाच शब्दांची पानंही लिहायला द्या, ही माझी गंभीर सूचना आहे. आरोग्य साक्षरतेबद्दल लिहिताना सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० साली तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या: माहिती समजून तसं वागता येणं, बोलून-विचारून माहिती मिळवता येणं, आणि मिळालेली माहिती पारखता येणं. व्याख्या पाठ करून घेणारी तुमची दोन पानं यांतल्या पहिल्या पायरीपर्यंतही पोचत नाहीत.

तेव्हा मागण्या अशा:

१. जननसंस्थेच्या अवयवांची नावं सहावीपासून, बाकीच्या अवयवांच्या रांगेत, आकृतीसह परत घ्यावीत. त्यांचं वेगळं प्रकरण करू नये. कान, मूत्रपिंड, वृषण, गुडघा, अशाच सुरात ती यावीत.

२. शब्द शेवटच्या पानांवर न कोंबता ज्या धड्यात लागतात तिथेच द्यावेत, पुस्तकी शब्द आणि बोलीतला शब्द शेजारी शेजारी.

३. ‘व्याख्या लिहा’ हा प्रश्न या विषयातून काढावा. त्याऐवजी ‘डॉक्टरांना तू हे कसं सांगशील?’ असा प्रश्न विचारावा.

४. चिंता, नैराश्य, संमती, नकार हे शब्द परत घ्यावेत. दुखण्याच्या शब्दांना एक पूर्ण पान द्यावं.

५. छापण्यापूर्वी ही पानं सहावी ते आठवीच्या मुलांना वाचायला द्यावीत आणि त्यांना काय कळलं ते आपण स्वतः ऐकावं. आम्हा शिक्षकांना विचारलंत तर आम्ही ‘छान आहे’ म्हणतो. मुलं म्हणत नाहीत.

तुमच्या तक्त्यात मी फक्त एक ओळ भरून पाठवली आहे. पान क्रमांकाच्या रकान्यात शेवटची दोन पानं, मूळ शब्दाच्या रकान्यात ‘गुप्तांग’, आणि सुचवलेल्या शब्दाच्या रकान्यात सात नावं लिहिली. तिथे जागा पुरली नाही, म्हणून दोन समासात आहेत, ती कृपया वाचावीत.

‘दुखण्याचे शब्द’च्या तीन वह्या माझ्याकडे आहेत. समितीला हव्या असतील तर मी स्वतः आणून देईन. परत मात्र लवकर हव्यात, चौथी भरत आलीये आणि मुलं जुन्या चाळायला मागतात.

आपली,
सातवीच्या वर्गाची एक शिक्षिका